पाच सूत, सहा सूत आणि मोकळा एक मिलिमीटर

पहूरच्या चौफुलीवरून छत्रपती संभाजीनगरच्या दिशेने निघालेली गाडी वाकोद आणि फर्दापूर मागे टाकते आणि अजिंठ्याच्या घाटाला लागते. मे महिन्याच्या दुपारी भरलेली गाडी घेऊन हा घाट चढताना कधी कधी नाकात उग्र, करपट वास शिरतो. इंजिनाचा आवाज वाढत जातो, गाडी मात्र रेंगाळते. चालक कपाळाला हात लावून म्हणतो, "क्लच गेला." पण पुष्कळदा तो क्लच घाटात गेलेला नसतो. चार दिवसांपूर्वी गिअर नीट पडत नाही म्हणून कुणीतरी पाना लावून एक दांडी दोन फेरे लांब केलेली असते. त्याचे मरण तेव्हाच ठरलेले असते.

कंपनीच्या गाडीत अशी चूक करायला फारसा वाव नसतो. सिलिंडर कोणत्या मापाचा, दांडी किती लांब, पेडल किती दबणार, हे सारे कारखान्यातच जुळवलेले असते. घरी बांधलेल्या गाडीत इंजिन एका अपघाती गाडीचे, वरचा सिलिंडर दुसरीचा, खालचा भंगारात मिळालेला आणि पेडल वेल्डिंगवाल्याकडून पट्टी वाकवून घेतलेले, असा संसार असतो. प्रत्येक भाग आपापल्या जागी चांगला असतो, पण त्यांचे आपसात जमेलच असे नाही. ते जमवायचे कसे, ते पाहू.

घरच्या गाड्यांचा नाद

हा नाद महाराष्ट्राला नवा नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली 'मीरा' नावाची छोटी गाडी तयार केली आणि पुढे अनेक वर्षे तिच्या सुधारित गाड्या ते बनवत राहिले. सामान्य माणसाला परवडावी म्हणून बनवलेली ती गाडी बाजारात मात्र कधी आली नाही. अलीकडचे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांचे. त्यांनी जुन्या सुट्या भागांतून सुमारे ६० हजार रुपयांत छोटी जीप बांधली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत सगळीकडे फिरली, उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक केले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली.

लोहारांची जीप दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी होती. दुचाकीचे इंजिन बसवले की क्लचला एक तार पुरते. मारुती ८०० लाही तारच होती. पण सुमो किंवा बोलेरोसारख्या गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स घेतला, की त्यासोबत हायड्रोलिक क्लच येतो. तारेऐवजी तिथे तेल काम करते, आणि तेल डोळ्यांना दिसत नसल्यामुळे बांधणारा गोंधळतो.

क्लच कशाला लागतो?

पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची 'पीजे' गाडी २०२० पर्यंत पहूरवरून धावत होती. तिच्या जुन्या वाफेच्या इंजिनाला क्लच लागत नव्हता. वाफ बॉयलरमध्ये कोंडून ठेवता येते आणि उभ्या चाकालाही तिचा पूर्ण रेटा मिळतो. पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनाला तसे जमत नाही. ते फिरत असेल तरच जोर देते, उभ्या चाकांना एकदम जोडले तर गचका खाऊन बंद पडते. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये हळूहळू जोडणारा आणि हवे तेव्हा तोडणारा एक दुवा लागतो. तोच क्लच.

इंजिनाच्या मागे फ्लायव्हील असते, त्याला टेकून क्लच प्लेट आणि तिच्यामागे प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेटमधली बशीच्या आकाराची स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. पाय पेडलवर नसतो तेव्हा क्लच असा पकडलेला असतो. पेडल दाबले की फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग स्प्रिंगची बोटे आत दाबते आणि प्रेशर प्लेट मागे सरते. किती? जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. तेवढ्यात क्लच प्लेट मोकळी होते.

म्हणून क्लचचे दुखणे दोनच तऱ्हांचे. एक, पेडल पूर्ण दाबूनही प्लेट मोकळी होत नाही. मेकॅनिक म्हणतो "क्लच सुटत नाही". गिअर अडतो, रिव्हर्सला खरखर होते. दुसरे, पाय काढूनही प्लेट घट्ट धरली जात नाही, म्हणजे "क्लच पकडत नाही" किंवा घसरतो. ही दुखणी एकमेकांच्या उलट आहेत. एकावरचे औषध जास्त झाले की दुसरे दुखणे सुरू होते. सुरुवातीला सांगितलेल्या दोन फेऱ्यांनी हेच केले होते.

कापसाच्या गाठीचा नियम

खानदेशात हायड्रोलिक हा शब्द समजावून सांगायला लांब जावे लागत नाही. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात फुगलेला कापूस दाबून १७० किलोची टणक गाठ बनवतात, ती तेलाच्या दाबावर. ट्रॅक्टरची ट्रॉली त्याच दाबाने उचलली जाते. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा त्यामागचा नियम फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालने मांडला. तो गेल्यानंतर १६६३ मध्ये त्याचे हे लिखाण छापले गेले. त्यावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये घेतले.

क्लचमध्ये पेडलची दांडी वरच्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलते. तेल नळीतून खाली जाते आणि गिअरबॉक्सला बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन बाहेर सरकवते, तो फोर्कला रेटतो. खालचा पिस्टन वरच्यापेक्षा मोठा असेल तर जोर वाढतो, पण त्याच प्रमाणात त्याची चाल कमी होते. हलके पेडल हवे तर चाल गमवावी लागते, आणि चाल हवी तर पायाला जोर लावावा लागतो. फुकट काही मिळत नाही. घरी बांधलेल्या गाडीचा सगळा प्रश्न या एका सौद्यात आहे.

सुताचा हिशेब

आपल्याकडे वर्कशॉपमध्ये इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. सिलिंडरही याच मापात बोलले जातात: पाच सुती म्हणजे १५.८७ मिलिमीटर, सहा सुती म्हणजे १९.०५. अंगावर कोरलेल्या आकड्यावरून किंवा व्हर्नियरने आतला व्यास मोजून हे माप कळते. गणित सुतात सोपे जाते, कारण जोराचे प्रमाण व्यासाच्या वर्गावर ठरते.

एक जुळणी धरू. पेडल खिळीपासून पायाच्या चकतीपर्यंत ३०० मिलिमीटर आणि खिळीपासून मास्टरच्या दांडीपर्यंत ५० मिलिमीटर, म्हणजे ६ पट. पेडल १५० मिलिमीटर दबते, म्हणून दांडी २५ सरकते. त्यातला एक मिलिमीटर मोकळा सोडायचा. का ते पुढे सांगतो. उरले २४. वरचा सिलिंडर पाच सुती, खालचा सहा सुती. सहाचा वर्ग ३६, पाचाचा २५, भागाकार १.४४. म्हणून खालची दांडी २४ भागिले १.४४, म्हणजे साधारण साडेसोळा मिलिमीटर बाहेर येते. फोर्क २ पटीचा असेल तर बेअरिंग सव्वाआठ मिलिमीटर सरकते. साधारण गाडीला आठ-नऊ मिलिमीटर लागतात. जमले.

आता समजा खालचा सिलिंडर भंगारात सात सुती मिळाला. ४९ भागिले २५, म्हणजे १.९६. खालची दांडी सव्वाबारा मिलिमीटरच सरकणार आणि बेअरिंग सहाच. पेडल लोण्यासारखे मऊ लागेल, पण क्लच सुटणार नाही. उलट दोन्ही सिलिंडर सहा सुती लावले तर बेअरिंग बारा मिलिमीटर जाईल. पेडल जड होईल आणि स्प्रिंगची बोटे गरजेपेक्षा जास्त दबून खराब होतील. सात सुतीवाल्याने दांडी कितीही फिरवली तरी हा दोष जाणार नाही, कारण दोष जुळणीचा आहे. म्हणून पाना हातात घेण्याआधी पट्टी आणि पेन घ्यावा.

याच हिशेबातला आणखी एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पाच सुती सिलिंडर २४ मिलिमीटर सरकला की पुढे ढकलले जाणारे तेल पावणेपाच मिलिलिटर भरते, म्हणजे एक छोटा चमचा. इंजिनाचा सगळा जोर तोडण्या-जोडण्याचे काम एवढ्याशा तेलावर चालते. त्यात एक मिलिलिटर हवा अडकली तर? पेडल दाबताना नळीत वातावरणाच्या वीसपट दाब होतो असे धरले, तर ती हवा दबून जवळजवळ नाहीशी होते आणि तेवढे तेल वाया जाते. चालीचा पाचवा हिस्सा गेला. बेअरिंग सव्वाआठऐवजी साडेसहा मिलिमीटर सरकते आणि गिअर खरखरू लागतो.

मोकळा एक मिलिमीटर

आता त्या मोकळ्या मिलिमीटरकडे येऊ. मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टनच्या वॉशरपुढे एक बारीक छिद्र असते. पाय काढल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला की ते छिद्र उघडते आणि नळीतले तेल वरच्या डबीतल्या तेलाशी जोडले जाते. पेडल दाबताच वॉशर छिद्राच्या पुढे जातो, वाट बंद होते आणि दाब तयार होतो.

गाडी तापली की नळीतले तेलही तापून फुगते. छिद्र उघडे असेल तर वाढलेले तेल गुपचूप डबीत जाते. पण पेडलच्या दांडीने पिस्टनला पूर्ण मागे येऊच दिले नाही, तर छिद्र बंदच राहते. फुगलेल्या तेलाला मग एकच वाट उरते: खालचा पिस्टन बाहेर ढकलणे. चालकाचा पाय पेडलवर नसतो, पण तेलाने मात्र क्लच अर्धवट दाबलेला असतो. प्लेट घसरते, घसरल्याने आणखी तापते, तापल्याने तेल आणखी फुगते. सकाळी पहूरमध्ये ठणठणीत असलेली गाडी दुपारी घाटात करपते, ती अशी. जळगाव जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. बॉनेटखाली, सायलेन्सरच्या पाइपाजवळून नळी नेली असेल तर काय होत असेल, ते सांगायला नको.

म्हणून पेडलची दांडी आणि पिस्टन यांच्यात साधारण एक मिलिमीटर प्ले ठेवायचा. सहा पटीच्या पेडलवर तो पायाला सुमारे सहा मिलिमीटर जाणवतो: बोटाने पेडल हलवले की आधी सैल जाते, मग अडते. प्ले नसेल तर चेक नट ढिला करून दांडी आखूड करायची आणि नट परत आवळायचा. छिद्र खरेच उघडते का हे पाहायला डबीचे झाकण काढून पेडल हळूच दाबावे. दाब सुरू होता होता तेलावर बारीक उकळी आल्यासारखी हालचाल दिसली तर वाट मोकळी आहे. तेल उडू शकते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा.

एअर काढणे

वरचा प्ले बसला की तेल भरून एअर काढायची. डबीवर लिहिलेलेच ब्रेक ऑइल घ्यावे, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइल किंवा हायड्रोलिकचे खनिज तेल चुकूनही नको. ब्रेक ऑइलसाठी बनलेले रबरी वॉशर त्यात फुगतात आणि दोन्ही सिलिंडर निकामी होतात. डॉट ५ हे सिलिकोनचे असते, ते या तेलांत मिसळायचे नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ताज्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश असतो, ओलावा घेतलेल्याचा १४० पर्यंत उतरतो. महिनोन्‌महिने उघडी पडलेली बाटली म्हणूनच वापरू नये. हे तेल रंग खाते, सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

काम दोघांचे. एक जण पेडलवर, दुसरा खाली, स्लेव्ह सिलिंडरवरच्या हवा काढायच्या निप्पलपाशी. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक तेलाच्या बाटलीत बुडवायचे. खालचा म्हणतो "दाब", वरचा हळू दाबतो. "धर" म्हटले की पाय तिथेच. निप्पल अर्धा फेरा उघडले की बुडबुडे निघतात, निप्पल बंद झाले की मगच "सोड". बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मध्ये डबी रिकामी झाली तर नवी हवा आत जाते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

घरच्या गाडीत इथे दोन खास अडचणी येतात. डाव्या बाजूचा स्लेव्ह सिलिंडर उजवीकडे उलटा लावला की निप्पल तळाला जाते. हवा वर जमते आणि कितीही पंप केले तरी निघत नाही. सिलिंडर फिरवून निप्पल सर्वांत उंच जागी आणावे. तसेच नळी गाडीखालून नेताना मध्येच उंट बसल्यासारखा उंचवटा झाला तर तिथे हवा अडकते. नळी मास्टरपासून स्लेव्हपर्यंत सतत उतरती हवी. शेवटचा तुकडा लवचीक रबरी पाहिजे, कारण इंजिन रबरांवर हलते आणि मास्टर बॉडीला घट्ट असतो. हा तुकडा जुना असेल तर दाबाखाली फुगतो आणि चाल खातो.

खालची दांडी आणि पेडलचा थांबा

आता खाली या. काही गाड्यांत फोर्कला मागे ओढणारी स्प्रिंग असते. तिथे फोर्क आणि दांडी यांच्यात दोन-तीन मिलिमीटर प्ले लागतो. काहींत ती नसते, सिलिंडरच्या आतली स्प्रिंगच दांडी फोर्कला हलकेच टेकवून ठेवते. तिथे प्ले द्यायचा नाही, पण पिस्टनला मागे सरकायला काही मिलिमीटर जागा आहे ना, हे बघायचे. क्लच प्लेट झिजत जाते तशी स्प्रिंगची बोटे बेअरिंगकडे सरकतात आणि फोर्क मागे येतो. मागे जागाच नसेल तर नवी प्लेट काही हजार किलोमीटरांत घसरू लागते.

यानंतर मोजणी. कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि खालच्या दांडीची चाल स्टीलच्या पट्टीने मोजा. हिशेबाप्रमाणे साडेसोळा हवी. बाराच निघाली तर साडेचार कुठे गेली ते शोधायचे, दांडी लांब करून भरायची नाही. दोन-तीनदा पंप केल्यावर चाल वाढत असेल तर आत हवा आहे. पेडल दाबून धरल्यावर दांडी हळूहळू परत येत असेल तर वॉशर गळतोय. रबरी टोपी मागे सारून ओल दिसते का पाहा. आणि घरच्या गाडीत हमखास राहणारी गोष्ट म्हणजे मास्टर जिथे बोल्ट केला तो पत्रा. पातळ पत्रा पायाच्या जोराने दोन मिलिमीटर वाकला तरी चालीचा बारावा हिस्सा गेला. मागून जाड पट्टी लावून वेल्ड केली की निम्मी कटकट मिटते.

सगळे जमल्यावर पेडलखाली एक थांबा बसवा. क्लच पुरता सुटल्यावर पेडल जास्तीत जास्त एक-दीड सेंटिमीटर जावे, त्यापुढे नाही. नाहीतर स्लेव्हचा पिस्टन सिलिंडरबाहेर येऊन सगळे तेल जमिनीवर येऊ शकते.

परीक्षा मोकळ्या जागेत करा. इंजिन मंद ठेवून पेडल दाबा, चार आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअरचे वेग जुळवणारी रचना, नसतो, त्यामुळे क्लच जरासा जरी अडत असला तरी तोच आधी ओरडतो. मग हँडब्रेक ओढून सपाटीवर वरचा गिअर टाका आणि पाय हळू उचला. इंजिन बंद पडले तर क्लच पकडतोय. फिरत राहिले तर लगेच पेडल दाबा. ही परीक्षा पुन्हा पुन्हा केली तर प्लेट जळते. शेवटी गाडी चांगली तापवून वरचा प्ले परत बघा. थंडपणी असलेला प्ले गरमपणी नाहीसा होत असेल तर तो कमी पडतोय.

रस्त्यावर नेण्याआधी

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, आणि नोंदणीसाठी गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. लोहारांच्या जीपचे कौतुक करताना महिंद्रांनीही ती नियमांत बसत नाही, हे लिहिलेच होते. तेव्हा असली गाडी शेतात, मळ्यात किंवा बंद मैदानात चालवावी. घाटाची परीक्षा नोंदणी झालेल्या गाडीचीच घ्यावी.

आणि शेवटचे काम. कंपनीच्या गाडीसोबत पुस्तक मिळते, घरच्या गाडीचे पुस्तक आपल्यालाच लिहावे लागते. वरचा सिलिंडर किती सुती, खालचा किती, पेडलचा प्ले किती, खालच्या दांडीची चाल किती, तेल कोणते आणि कधी भरले, एवढ्या पाच ओळी एका कागदावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. वर्षभराने गिअर अडला तर पाना उचलण्याआधी तो कागद वाचा आणि चाल पुन्हा मोजा.